काजळ्याचे अंथरूण

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा माळावरच्या त्या वाडीला नाव द्यायचेही कुणाला सुचले नव्हते. माळावर मेंढरे चरत, मेंढरांची लोकर निघे आणि त्या लोकरीची घोंगडी विणी म्हाळू सणगर.

म्हाळूच्या घोंगडीचा मोठा लौकिक होता. विणून झाली की तो तिला चिंचोक्याची दाट खळ लावी आणि उन्हात ताणून वाळवी. वाळली की ती अशी कडक होई, की भिंतीला टेकवून ठेवली तर उभी राहावी. जितकी कडक तितकी अस्सल, असा त्या माळावरचा समज होता. गिऱ्हाईक आधी घोंगडी दोन्ही हातांनी दुमडून बघे आणि ती सहज दुमडली तर नाक मुरडी. म्हाळूच्या घोंगडीपुढे मात्र कुणाचे नाक मुरडले गेले नव्हते, आणि हे तो दिवसातून एकदा तरी बायकोला ऐकवत असे. त्याची बायको येसाई हूं म्हणे आणि आपले सूत कातत राही.

त्यांना मूलबाळ नव्हते. होता तो एक कुत्रा. डोळ्यांभोवती काळी कडी होती म्हणून त्याला काजळ्या म्हणत. तो मूळचा बाळाप्पा धनगराच्या कळपाचा राखणदार. एकदा लांडग्याशी झुंजताना त्याचा मागचा पाय अधू झाला, आणि कळपामागे धावणे संपले. बाळाप्पा वाईट माणूस नव्हता, पण न धावणाऱ्या कुत्र्याला कळपात काय काम? तेव्हा म्हाळूने त्याला उचलून घरी आणले आणि मागाशेजारी आपली सगळ्यात चांगली घोंगडी त्याच्यासाठी अंथरली. राजाच्या कुत्र्यालासुद्धा असे अंथरूण मिळत नसेल, असे तो म्हणाला, आणि ते बहुधा खरेही असावे.

सुरुवातीचे काही दिवस बरे गेले. मग काजळ्या पंजे चाटू लागला.

आधी अधूनमधून, मग सकाळ-दुपार-संध्याकाळ. हाक मारली तरी मान वर करीना. पंज्यांवरचे केस गेले, कातडी लाल झाली, पोटाखाली चट्टे उठले. कानातून वास येऊ लागला. अन्न पचेना, आणि थंडीत अधू पाय असा आखडे की उठताना बिचारा कण्हत असे. म्हाळूला ते बघवत नसे. त्याने कडुलिंबाचे तेल चोळले, हळदीचा लेप लावला, गळ्यात काळा दोरा बांधला. पंज्यांना चिंध्या गुंडाळल्या, तर काजळ्याने त्या फाडल्या आणि शांतपणे पुन्हा चाटायला घेतले. शेजारणीही मागे राहिल्या नाहीत. कुणी दूध आणी, कुणी तूपगूळ, कुणी सणाचे उरलेले गोडधोड. सगळ्यांनी मिळून मायेने त्याचे पोट पार बिघडवून टाकले.

आणि म्हाळू दर पंधरवड्याला त्याची घोंगडी बदली. जुनी मऊ पडली की काढून नवी, कडक, ताजी खळ लावलेली अंथरी. आजारी जिवाला आपल्याकडचे उत्तम तेच द्यायचे, यात त्याला कधी शंका आली नाही.

कातरणीचा हंगाम जवळ आला. दरवर्षी बाळाप्पाची मेंढरे म्हाळूच्याच अंगणात कातरली जात. बाळाप्पा दिवस ठरवायला आला, काजळ्याकडे बघितले आणि दारातच थांबला.

"म्हाळू, ही खरूज हाय," तो म्हणाला. "माझ्या मेंढरांना लागली तर कळपच्या कळप जाईल. कातरणीच्या आत याला वढ्यापलीकडं सोडून ये. न्हाईतर मी मेंढरं दुसरीकडं नेतो."

ओढ्यापलीकडे रान होते आणि रानात लांडगे. अधू पायाचा कुत्रा तिथे एक रात्र तगला नसता, हे दोघांनाही ठाऊक होते. म्हणूनच दोघेही एकमेकांकडे न बघता बोलत होते.

म्हाळूला अन्न गोड लागेना. शेवटी येसाईनेच सुचवले की टेकडीपलीकडच्या म्हातारीकडे जावे. ती म्हातारी गुराढोरांची दुखणी बघत असे. म्हाळूने काजळ्याला हातगाड्यावर घातले आणि तिच्या दारात नेले. आपण काय काय केले ते त्याने एका दमात सांगितले. तेल, लेप, दोरा, दूध, तूप, काही म्हणता काही गाळले नाही.

म्हातारीने सगळे ऐकून घेतले. कुत्र्याचे कान बघितले, पोट चाचपले, पाय हळूच वाकवून पाहिला.

"तू काय काय केलंस ते कळलं," ती म्हणाली. "हा दिवसभर काय करतो ते सांग."

दिवसभर काजळ्या म्हाळूपासून हातभर अंतरावर असे, पण तो काय करतो हे त्याने कधी बघितले नव्हते. माग चालू असला की सणगराचे डोळे धाग्यावर असतात.

मग म्हातारीने त्याला सांगितले की दूध आणि गोडधोड आजपासून बंद. साधी भाकरी आणि ताजे पाणी पुरे. कान रोज कोरड्या फडक्याने पुसायचे. आखडणारा पाय सकाळच्या उन्हात शेकायचा आणि झेपेल तेवढे चालवायचे. औषध काही दिले नाही. उलट एक अवघड काम दिले: काही दिवस माग बंद ठेवायचा, हात बांधून बसायचे आणि नुसते कुत्र्याकडे बघायचे.

"आन् मग बरा हुईल?" म्हाळूने विचारले.

"काही दुखणी जातात, काही राहायलाच आलेली असतात," म्हातारी म्हणाली. "कोणतं कोणतं आहे ते आधी बघ. राहायला आलंय त्याला घरात जागा करून द्यायची, त्याच्याशी रोज भांडायचं नाही."

हात बांधून बसणे सणगराला किती जड जाते, ते सणगरालाच ठाऊक. पहिल्या दिवशी म्हाळूची बोटे आपोआप गुडघ्यावरच विणत होती. पण तो बसला आणि बघत राहिला.

सकाळी काजळ्या घोंगडीवर निजला की थोड्या वेळाने अंग चोरू लागे. मग उठे, पंजे झटके, लंगडत अंगणात जाई आणि चुलीच्या राखेच्या ढिगाजवळ, भुसभुशीत मातीत पोट टेकून पडे. तिथे तो चाटत नसे. निवांत डोळे मिटून पडलेला असे. तेवढ्यात म्हाळूला त्याची कणव येई. कडक घोंगडी सोडून बिचारा मातीत पडलाय, असे म्हणून तो उठे, त्याला दोन्ही हातांनी उचली आणि पुन्हा घोंगडीवर आणून ठेवी. काजळ्या एकदा त्याच्या तोंडाकडे बघे आणि पंजे चाटायला लागे.

असे तिसऱ्यांदा झाले तेव्हा येसाईने चरखा थांबवला.

"अहो," ती म्हणाली, "त्यो रोज सांगतोय. तुमी रोज उचलून परत आणताय."

म्हाळू जागच्या जागी उभा राहिला. कुत्रा त्याच्या हातातच होता. मग त्याला खाली ठेवून म्हाळूने वाकून घोंगडीवर स्वतःचा गाल घासला. खळीने ताठ झालेले लोकरीचे तूस गालाला सुयांसारखे टोचले. इतकी वर्षे त्याने घोंगड्या बोटांनी पारखल्या होत्या, आणि सणगराची बोटे राठ असतात. त्याला फार वाईट वाटले. आपल्याच हातांनी, इतक्या हौसेने, आपण या जिवाला छळत होतो.

त्या दिवशी घोंगडी निघाली. येसाईने आपल्या जुन्या लुगड्यांची मऊ घडी घालून राखेच्या ढिगाशेजारी अंथरली. हळूहळू चट्टे सुकू लागले. पोट ठिकाणावर आले, कानाचा वास कमी झाला. चाटणे मात्र पुरते थांबले नाही. कारण गेले तरी खोड राहते, आणि ज्याने जन्मभर कळप राखला त्याला रिकामेपण खायला उठते. मग म्हाळूने त्याला काम लावले. विणकाम थांबले की दोघे विहिरीपर्यंत सावकाश फिरून येत. दारात वाळत घातलेली लोकर कावळ्यांपासून राखायचे काम काजळ्याला दिले, आणि त्याने ते इतके मनावर घेतले की कावळे तर गेलेच, शेजारणीही लांबूनच बोलू लागल्या.

कातरणीच्या दिवशी बाळाप्पा आला. पाठोपाठ मेंढरे आणि सगळे धनगर. त्याने कुत्र्याकडे निरखून बघितले. चट्टे कमी झाले होते, पण पंज्यांवर अजून केस नव्हते. नेमका तेव्हाच काजळ्याने पंजा चाटायला घेतला.

"म्हाळू, तुला काय सांगितलं हुतं?"

म्हाळूने सांगितले की ती खरूज नाही, लागणारे दुखणे नाही. बाळाप्पाने विचारले, मग काय आहे? सगळे धनगर गोळा झाले होते. हीच त्याची गिऱ्हाइके. आपल्या घोंगडीने कुत्रा आजारी पडला असे यांच्यापुढे म्हणायचे, म्हणजे आपला लौकिक आपल्याच हाताने मोडायचा. न म्हणावे, तर काजळ्याला ओढ्यापलीकडे जावे लागणार. म्हाळूने कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"माझी घोंगडी सोसली न्हाई त्याला," तो म्हणाला. "कडक खळ आन् तूस टोचत हुतं. मी चांगली म्हणून त्याच्याखाली घालत ऱ्हायलो. चूक माझी हाय, कुत्र्याची न्हाई."

बाळाप्पा खाली बसला. त्याने काजळ्याचा पंजा हातात घेतला आणि त्यावरच्या पुसट होत चाललेल्या लाल पुरळाकडे बराच वेळ बघितले. मग तो वेगळ्याच आवाजात बोलला.

"असंच पुरळ माझ्या नातीच्या पाठीवर हाय. जन्मली तवापास्नं तुझ्या घोंगडीत गुंडाळतोय आमी तिला. रात रात रडती. आमी म्हणायचो, पोरगी हट्टी हाय."

मग म्हणाला, "तिच्यासाठी काही इणशील?"

मेंढरे त्याच अंगणात कातरली गेली. म्हाळूने कोकरांच्या पहिल्या मऊ लोकरीचे सूत वेगळे काढले, विणताना सुताला लावावी लागलेली खळ नंतर ओढ्यावर धुऊन धुऊन काढली, गालाला लावून पारख केली, आणि दोन बोटांत सहज दुमडेल अशी एक छोटी घोंगडी बाळाप्पाच्या नातीला दिली. तीही सोसली नसती तर येसाईची लुगडी होतीच. पण ती सोसली. पोर रात्रभर झोपली आणि तिच्याबरोबर तिचे सगळे घर झोपले.

म्हाळूचा लौकिक मोडला नाही, पण बदलला. पावसात मेंढरांमागे हिंडणाऱ्याला तो अजूनही कडक घोंगडी विणी. फक्त माग जोडण्याआधी आता तो विचारी, "कोण पांघरणार?" काजळ्या पुढे बरीच वर्षे जगला. पाय थंडीत आखडायचा तो आखडतच राहिला, कान पुसावे लागत ते लागतच राहिले, आणि दिवस कलला की तो थोडा वेळ पंजा चाटत बसे. म्हाळू त्याला रागावत नसे. शेजारी बसून बघत असे, आणि दोघे सुखात असत.

बोध: आपल्याला द्यायला आवडते ते नव्हे, समोरच्याला सोसते ते द्यावे, खरी माया तीच.