शिंपीगुरुजींचं ‘हे असं’

पाखरं विद्या शिकायला रानोरान उडत जात, त्या काळची ही गोष्ट. एका उंबरावर शिंपी पक्ष्याची पाठशाळा होती. घरी काड्या रचायला शिकलेली थोरली पाखरं पानं शिवण्याची वरची विद्या घ्यायला तिथे येत.

शिंपीगुरुजी पान पुढे ओढून म्हणत, “हे इथून घ्यायचं, असं तिथे ओवायचं. कळलं?” सगळ्या माना डोलत. गुरुजी खूश.

एके वर्षी एक जन्मांध मुनिया शिकायला आली. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, “गुरुजी, ‘हे’ म्हणजे काय? नि ‘तिथे’ म्हणजे कुठे?”

गुरुजी चिडले. “शिवण डोळ्यांनी शिकतात, पोरी. तू आपली घरी जा.”

“जाईन. पण आधी एक टाका तोंडी सांगून बघा.”

गुरुजी सांगायला गेले आणि अडखळलेच. इतकी वर्षं चोच आपोआप चालायची. शेवटी त्यांनी डोळे मिटले, पान चाचपलं आणि सावकाश म्हणाले, “देठाकडून सुरुवात. कडेपासून चोचभर आत भोक पाड. धागा ओव आणि त्याचं टोक पिंजून ठेव, म्हणजे तो सुटत नाही.”

मुनियाने टाका घातला, ओढून पाहिला. पक्का बसला होता.

मागच्या फांदीवरचा बुलबुल खाकरला. “चोचभर आत होय, गुरुजी? आम्ही अगदी कडेलाच टोचत होतो. तरीच पानं फाटायची!”

“मग दोन वर्षं माना कशाला डोलवत होता?”

“सगळेच डोलवत होते.”

गुरुजींना हसू फुटलं. “मुनिये, पुढे येऊन बस,” ते म्हणाले, “आणि मी पुन्हा ‘हे असं’ म्हटलं, की तिथल्या तिथे मला अडव.”