कोंडाईचा मोकळा कोपरा

थांबा, ती गोधडी अशी उलटीपालटी करू नका. तो कोपरा शिवायचा राहिलेला नाही, ठेवलेला आहे. शहरातली माणसं येतात, गोधडी हातात घेतात आणि पहिलं हेच विचारतात, काकू, एवढं सुरेख काम आणि हा एक कोपरा कसा हो विसरलात? विसरायला मी काय आज शिवायला बसले आहे? या गावात लहान मुलाची गोधडी असो नाहीतर दुपटं, चौथा कोपरा कोणी शिवत नाही. शिवूनच द्या म्हणालात तर मी गोधडी परत ट्रंकेत ठेवीन आणि तुम्हाला चहा पाजून वाटेला लावीन.

आता विचारलंच आहे तर सासूबाईंना त्या कट्ट्यावर टेकू द्या. पोरी, तूही बस, अवघडलेली आहेस. समोर तळ्याच्या काठाला ती दगडी खोली बघा. तिला दार नाही. या अंगाला भिंतीला भगदाड आहे, माणूस वाकून आत जाईल एवढं. त्या अंगाला, जमिनीपासून हातभर उंचीवर एक झरोका आहे. भिंत इतकी जाड की झरोक्यातून आतलं माणूस दिसत नाही. आतून कोणी हात घातला तर कोपरापर्यंतचा हात तेवढा बाहेर येतो. ते भगदाड आजवर कोणी बुजवलं नाही. ती कोंडाईची खोली.

कोंडाई आम्ही आता म्हणतो. ती होती तेव्हा साधी कोंडाबाई होती, शिंप्याघरची. आधीची भावंडं जगली नव्हती म्हणून आईबापांनी तिला कोंड्याच्या भारोभार तोलून ते नाव ठेवलं, असं सांगतात. नवरा लवकर गेला. घरात एक नणंद, वेणू, आणि मांडीवर एक मुलगी, सगुणा. नुकती बसायला लागलेली, अजून अंगावर पिणारी.

कोंडाबाईचा हातगुण मोठा होता म्हणे. तिनं शिवलेल्या दुपट्यात गुंडाळलेलं पोर दगावत नाही, अशी तिची ख्याती. आता मी जन्मभर शिवते आहे, मला विचाराल तर त्यात जादू काही नव्हती. ती जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड वापरायची आणि गाठ अशी बेमालूम दडवायची की बाळाच्या अंगाला टोचायची नाही. पण लोकांना हातगुण म्हणायला आवडतं, म्हणू देत.

गोधडी हवाली करताना ती एक वाक्य म्हणायची. तेव्हा सगळ्याच शिवणाऱ्या बायका म्हणायच्या. गोधडीचं एक टोक आपल्या हातात ठेवायचं, दुसरं बाळाच्या आईच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, "माझा हात तुमच्या घरात राहू दे." म्हणजे माझ्या हातची माया या घराला लाभू दे. आशीर्वादच तो, दुसरं काय.

त्या वेळी तळ्याकाठी सुभानराव देशमुखांचं घर होतं. आता त्यातली ही खोलीच काय ती उरली आहे. धन होतं, धान्य होतं, पण मूल टिकत नव्हतं. जन्मलेलं बाळ पाचवीची पूजा होईपर्यंतही राहायचं नाही. देशमुखीणबाई, गिरजाबाई, पुन्हा गरोदर राहिल्या तेव्हा त्यांनी कोंडाबाईकडून दुपटं शिवून घेतलं. मुलगा झाला, पाचवी झाली, बारसं झालं आणि पोर टकामका बघत पाळण्यात हसत राहिलं. बारशाला कोंडाबाई अंजिरी रंगाचं, पिवळ्या काठाचं लुगडं नेसून आली. तिच्याकडे चांगलं असं तेवढं एकच होतं, तेही चार पाण्यांत मऊ झालेलं. टोपडं गिरजाबाईंच्या हातात देऊन ती नेहमीचं वाक्य म्हणाली, माझा हात तुमच्या घरात राहू दे. सुभानराव तिथंच उभे होते. त्यांनी ते वाक्य ऐकलं आणि मनात धरून ठेवलं.

थंडी पडायच्या सुमारास त्यांनी तिला बाळाच्या गोधडीसाठी बोलावणं पाठवलं. घरात गडबड आहे, बाळाचं काम निवांत होऊ दे म्हणून तिला या खोलीत बसवलं. ही तेव्हा धान्याची खोली होती. ती सगुणेला वेणूकडे ठेवून आली होती, घटकाभरात जाऊन पाजून येईन म्हणून. ती शिवायला बसली. थोड्या वेळानं पाठीमागं दगड रचल्याचा आवाज यायला लागला. तिला वाटलं, गोठ्याचं काम चाललं असेल. आता तुम्ही म्हणाल, एकदा मागं वळून बघायला काय झालं होतं? अहो, गोधडीची ओळ धरली की मान वर करायची नसते. धावदोरा मध्येच सोडला की ओळ वाकडी जाते, आम्हाला पोरवयापासून तेच शिकवतात. कुणी हाक मारली तरी ओळ संपल्याशिवाय ओ देत नाही आम्ही. ओळ संपली तेव्हा तिनं मान वर केली. दाराच्या जागी भिंत होती.

ती ओरडली, तिनं दगडांवर हात आपटले. झरोक्यातून सुभानरावांचा आवाज आला. ते रागात नव्हते, गोडच बोलले म्हणे. "कोंडाबाई, तुम्हीच म्हणालात ना, माझा हात तुमच्या घरात राहू दे? मग राहू दे. तुम्ही बाहेर गेलात, दहा घरची दुपटी शिवलीत, तर तो हात दहा घरांत वाटला जाईल. बाळाला दात येईपर्यंत राहा. काही कमी पडणार नाही."

ती म्हणाली, "माझी पोर अंगावरची आहे हो."

ते म्हणाले, "तिला दूध पाठवतो." आणि गेले. मला या माणसाचा राग येतो, अजून येतो. पण एवढ्या पोरांना मातीत ठेवलेला बाप होता, हेही खरंच आहे.

बाळाला दात आले. तिला वाटलं, आता भिंत पडेल. पण निरोप आला, पाऊल टाकेपर्यंत राहा. पाऊल टाकलं तर म्हणे जावळ काढेपर्यंत. तिच्या लक्षात आलं की शिवण संपणार नाही. नाही शिवलं तर भाकरी बंद. शिवलं आणि बाळ धडधाकट राहिलं, तर तिच्यावाचून ते राहणार नाही असं घरच्यांना वाटणार. आणि बाळाला काही झालं तर तिला जितं कोण ठेवणार? कोणत्याही बाजूनं गेली तरी पुढं भिंतच होती. बोलायचीही बंदी होती. बोलल्यानं हातगुण उतरतो, असं सुभानरावांच्या डोक्यात कोणीतरी भरवलं होतं. झरोक्यापाशी राखणदार बसवलेला असायचा आणि आतून शब्द ऐकू आला की त्या दिवसाची भाकरी परत जायची.

एक गोष्ट मात्र राखणदार बघून न बघितल्यासारखी करायचा. दुपारी वेणू सगुणेला घेऊन झरोक्यापाशी यायची. आतून हात बाहेर यायचा. सगुणा तो हात धरायची, त्याची बोटं तोंडात घालायची, मोठी झाली तशी त्या हातावर गाल टेकून बसायची. हात तिचे केस विंचरायचा, तिच्या पायाचं माप घ्यायचा, कधी चिंध्यांचं अंगडं तिच्या हातात द्यायचा. कोंडाबाईचा संसार म्हणायचा तो तेवढाच. मुलीला आई म्हणजे भिंतीतून येणारा हात, एवढंच ठाऊक होतं. वेणू सांगायची, आई आत आहे. पण आत म्हणजे काय, ते त्या पोरीला कसं कळावं?

घरातून कापड यायचं ते नवं, भारी. रेशीम यायचं, जर यायची. देशमुखांच्या पोराला जुनेर कसं घालायचं, हा त्यांचा मान. पण जरीनं बाळाची मान सोलून निघते. कोरं कापड नुसतं टोचतं. कोंडाबाईनं मऊ कापड कुठून आणावं? तिच्याजवळ एकच होतं, अंगावरचं. मग तिनं लुगड्याचा पदर फाडला आणि झबल्याला आतून लावला. पुढच्या कुंचीला आणखी एक तुकडा. त्या पोराचा तिला राग करता आला नाही. बाळ म्हटलं की बाळ, त्यानं काय कुणाचं घोडं मारलंय? वर जर आणि आत अंजिरी अस्तर, अशी त्याची अंगडी होत गेली. गिरजाबाई ती रोज त्याच्या अंगावर घालायच्या. अस्तराचा रंग छान आहे, असं त्यांच्या मनातही यायचं म्हणे. त्यापुढं काही आलं नाही.

मग जावळाच्या वेळची गोधडी आली. तिचे तीन कोपरे कोंडाबाईनं शिवले, चौथा सोडला आणि दोऱ्याला शेवटी गाठ मारली नाही. काही जण सांगतात, ती थकली होती, दोरा संपला होता. मला ते पटत नाही. जिची ख्यातीच गाठीची, ती गाठ विसरेल? तिला बोलायची बंदी होती. सुई तेवढी हातात होती.

जावळाच्या दिवशी अंगण पाहुण्यांनी भरलेलं. गोधडी अंथरली, तिच्यावर पोराला बसवलं. पोराला तो उघडा कोपरा सापडला. त्यानं आत बोटं घातली, दोरा धरला आणि उठून चालायला लागलं. धावदोऱ्याला गाठ नसली की एका ओढीत सगळी ओळ सुटते. ते चालत गेलं आणि मागं गोधडी उसवत गेली. एवढं अंगण ओलांडलं तरी दोरा कुठं तुटला नाही, अडला नाही, हीच त्यातली दैवी गोष्ट, असं सांगतात. आतून तुकडे बाहेर पडले. अंजिरी, पिवळ्या काठाचे. शेवटी जो तुकडा पडला तो कासोट्याचा होता, कमरेला खोचून खोचून चुरगळलेला.

गिरजाबाईंनी तो उचलला. बारशाचं लुगडं त्यांना आठवलं. घरातली सगळी झबली, सगळ्या कुंच्या, सगळी अस्तरं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. भर अंगणात, सगळ्या पाहुण्यांसमोर त्यांनी नवऱ्याला विचारलं, "मग ती आत नेसलीय काय?"

गिरजाबाईंनी सगळ्या पुरुषांना अंगणाबाहेर काढलं, राखणदारालाही. स्वतः पहार घेतली. त्या घरच्या बाईनं कधी पाण्याचा हंडा उचलला नव्हता म्हणे. एक दगड हलला, दुसरा हलला. हात आत जाईल एवढी फट होताच त्यांनी आधी आपलं एक लुगडं आत दिलं आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या. आतून ते नेसल्याची खूण पटल्यावरच पुढचे दगड पाडले. ते हे भगदाड.

कोंडाबाई बाहेर आली. उन्हानं डोळे मिटलेले, केस पांढरे झालेले. वेणूनं सगुणेला तिच्यापुढं उभं केलं आणि म्हणाली, "बघ, तुझी आई."

पोर घाबरली. तिनं त्या बाईकडे एकदा बघितलं आणि वेणूच्या हातातून हात सोडवून पळाली. खोलीला वळसा घालून त्या अंगाला गेली, झरोक्यापाशी बसली आणि हात बाहेर यायची वाट बघायला लागली.

तिथं उभ्या असलेल्या बायकांना काय करावं सुचेना. वेणू रडायला लागली. कोंडाबाई रडली नाही. ती वळली, वाकून त्याच भगदाडातून पुन्हा आत गेली, आपल्या जागेवर बसली आणि तिनं झरोक्यातून हात बाहेर घातला. सगुणेनं तो धरला, त्यावर गाल ठेवला आणि गप्प झाली.

पुढं बरेच दिवस असंच चाललं, असं सांगतात. भिंत पाडलेली, अडवणारं कोणी नाही, आणि कोंडाबाई दुपारी आपल्या पायांनी जाऊन आत बसायची. आपणच आतून दार लावून घ्यावं तशी. गिरजाबाई रोज बघायच्या. एके दिवशी ती मुलगी हात धरूनच म्हणाली, "आता दुसरा दे." आतून दुसरा हात येईना, झरोक्यात मावेना. मग तो हात सोडून ती दुसरा हात शोधायला खोलीला वळसा घालून आली, भगदाडातून वाकली आणि आत गेली. त्या संध्याकाळी कोंडाबाई तिला कडेवर घेऊन बाहेर पडली. सुभानरावांचं पुढं काय झालं ते कोणी सांगत नाही, मलाही विचारू नका.

आजही या गावात बाळाच्या गोधडीचा एक कोपरा मोकळा असतो. बाळ झोपलं की आई त्यातून हात आत घालून ठेवते. आणि ते जुनं वाक्य आता इथं कोणी म्हणत नाही. चुकून कुणाच्या तोंडून निघालं तर म्हातारी माणसं बोट नाचवून गप्प करतात. शिवणारी म्हणते, "गोधडी तुमची, हात माझा." आणि घेणारीनं म्हणायचं असतं, "हात घेऊन सुखानं जा."

जायचं तुम्हालाच आहे म्हणा, मी माझ्याच ओसरीवर बसले आहे. पण रीत ती रीत. ये पोरी, हे टोक धर. गोधडी तुमची, हात माझा. म्हटलं मी माझं वाक्य. आता तू म्हण. हसू नकोस, नीट म्हण, मला ऐकू येईल असं. तोवर मी माझं टोक सोडणार नाही.