रोज तोच आकडा

“रोज तोच आकडा ऐकायला दर महिन्याला पैसे कशाला मोजायचे, भाई?”

विहंग वेंगुर्ल्याहून मालवणला आला होता तो हा एकच प्रश्न घेऊन. आठ वर्षांपूर्वी भाई खोबरेकरांनी त्याला अंगठ्याएवढं प्रवाळ दिलं होतं आणि ते खाऱ्या पाण्याच्या टाकीत कसं जगवायचं तेही शिकवलं होतं. आता ते चांगलं सुपाएवढं झालं होतं. त्या टाकीचं पाणी तासातासाला आपोआप तपासणारं यंत्र विहंगने घेतलं, गावभर त्याच्या बढाया मारल्या. पण यंत्राला रसायनाच्या बाटल्या लागत, आणि त्या महिन्याभरात संपत.

“घरी गेलो की बंदच करून टाकतो,” तो म्हणाला.

“पाणी बिघडला म्हणून कधी सांगल्यान त्येना?”

“एकदाही नाही. वर्षभर सगळं ठीक. तेच तर म्हणतोय!”

आतून काकूंची हाक आली. “आसात मां?”

“आसंय गो!” पडवीतून भाई म्हणाले.

काकूंची दृष्टी गेली होती. गेल्या वर्षी भाई याच पडवीत छातीत कळ येऊन कोसळले, तेव्हापासून आत वाती वळत बसल्या बसल्या त्या अशी, आहात ना म्हणून, हाक मारायच्या.

थोड्या वेळाने पुन्हा हाक. पुन्हा तेच उत्तर.

विहंगला हसू आलं. “दिवसातून किती वेळा विचारतात हो?”

“मोजूक नाय.”

“पण उत्तर तर ठरलेलंच.”

भाई नुसते हसले. मग मिठाचं प्रमाण सांगू लागले. सांगता सांगता मध्येच थांबले.

हाक आली नव्हती.

भाईंचे कान दाराकडे लागले. हात खुर्चीवर टेकून ते अर्धवट उठले. विहंगनेही श्वास रोखून धरला...

“आसात मां? डोळो लागलो माझो.”

“आसंय गो, आसंय!” भाईंचे डोळे भरून आले होते.

वर्षभर आपण रात्री किती निवांत झोपलो, हे विहंगला आत्ता कळलं. त्या बिचाऱ्या यंत्राचे त्याने मनोमन आभार मानले. तरी जित्याची खोड...

“खरंय भाई. पण खर्च मात्र आहेच.”

“आसा तर! सांजपर्यंत तिचो घसो बसता.”