सायकल पुसायचं फडकं

"…आणि मन, अप्पा? मन झटपट स्वच्छ करायचा काही सोपा उपाय?"

सिद्रामअप्पा प्रश्न विचारणाऱ्याच्या खांद्याकडे बघत होते. खांद्यावर सायकल होती.

"आधी ती खाली ठेवा, मास्तर."

कोठाळे मास्तरांनी सायकल मठाच्या चिंचेला टेकवली आणि मान चोळत पारावर बसले.

मास्तर हायस्कुलात विज्ञान शिकवत. घर तालुक्याला, शाळा खेड्यात, आणि मधे सगळं काळं रान. रात्री पाऊस झाला की त्या वाटेवर माणूस सायकलीवर बसत नाही, सायकल माणसावर बसते. काळी माती चाकाला धरते, मडगार्डात भरते आणि चाक जागच्या जागी थांबतं. म्हणून इकडच्या सायकलवाल्यांच्या कॅरिअरला चिखल टोकरायला एक काटकी अडकवलेली असते. मास्तरांच्या कॅरिअरला नव्हती. काटकी अडाण्यांनी वापरावी, असं त्यांचं मत होतं.

कच्ची वाट संपून डांबरी सुरू होते तिथंच अप्पांचा मठ. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मास्तर तिथं टेकत. अप्पांना एखादा कठीण प्रश्न विचारत आणि बहुतेक वेळा त्याचं उत्तरही स्वतःच देऊन जात. म्हाताऱ्या अप्पांना ते सोयीचं पडे.

आज मात्र मास्तर जायला आले नव्हते. दोन दिवस मठातच राहून मौन पाळावं म्हणतो, असं ते म्हणाले.

"आणि घरी?"

घरी जरा कटकट आहे, मास्तरांनी सांगितलं. बायकोनं, महानंदानं, ट्रंक भरली होती. संध्याकाळच्या गाडीनं ती माहेरी निघाली होती, आणि या खेपेला परत यायचं काही बोलली नव्हती.

"कशावरून?"

"एका चिंधीवरून, अप्पा."

मास्तर हसले. अप्पा हसले नाहीत.

"म्हणून विचारतो, मन स्वच्छ कसं करावं…"

"सायकल कशी करता?"

मास्तरांची कळी खुलली. या विषयावर त्यांनी शाळेत व्याख्यान दिलं होतं आणि मुलांनी ते निमूटपणे ऐकलं होतं. त्यांनी ते पुन्हा दिलं. घंटीला चिंच लावावी. गंजाला राख आणि पिळून टाकलेलं लिंबू. चेनला रॉकेलचा बोळा आणि दात घासून झिजलेला ब्रश. मग तेल, पण थेंबभरच, आणि तेही पुसून घ्यायचं, नाहीतर त्यावर धूळ बसते. स्पोकमध्ये घालायला नारळाची शेंडी. पाणी मगानं घ्यावं, बादली उपडी करू नये, चाकाच्या मधल्या भागात पाणी गेलं की आतून गंजतं. यातल्या एकाही वस्तूला बाजारात जावं लागत नाही, सगळं घरात पडलेलं असतं.

"आणि फडकं, अप्पा! अर्धं काम फडक्याचं. ते सुती पाहिजे, आणि धुऊन धुऊन मऊ झालेलं. नवं कापड पाणी पीत नाही."

अप्पांना सायकल चालवता येत नव्हती. तरी ते पहिल्या बाकावरच्या मुलासारखे ऐकत होते.

"हे करायचं कधी?"

"उतरल्या उतरल्या. घरात पाऊल टाकायच्या आधी. पहिला नियम तोच."

"आणि राहून गेलं तर?"

"मग संपलंच! काळी माती वाळली की दगड. खुरप्यानं काढावी लागते, आणि निघते ती रंग घेऊन. तीच ओली असताना बघा… मगभर पाणी, एक फडकं, झालं काम."

अप्पांनी चिंचेखालच्या सायकलीकडे पाहिलं. मडगार्डातून चिखल टपटपत होता.

"मग?"

मास्तर जरा चुळबुळले. आज जवळ साहित्य नाही, म्हणाले. ब्रश घरी, रॉकेल घरी. उद्या रविवार, चिखल वाळेल, मग निवांत पद्धतशीर काढता येईल. शिवाय आपण दोन दिवस इथंच आहोत.

"पहिला नियम?"

"नियमाला अपवाद असतो, अप्पा."

"फडकं तरी असेल."

फडकं होतं. मास्तरांनी सीटखाली हात घालून ते ओढून काढलं. जांभळं, मऊ, आणि एका बाजूला इरकली लुगड्याचा लाल काठ. रॉकेलचा वास येत होता.

अप्पांनी ते हातात घेतलं. काठावरून अंगठा फिरवला.

"कुणाचं लुगडं?"

"सासूबाईंचं."

"त्या तर…"

"वारल्या. गेल्या वर्षी."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मास्तरांची लेक दिवसांत होती. आजीचं लुगडं वापरून मऊ झालेलं, त्याची बाळाला वाकळ शिवायची म्हणून महानंदानं ते ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवलं होतं. गेल्या आठवड्यात ते उन्हाला घातलं होतं. मास्तर फडकं शोधत होते. दोरीवर हवं तसं कापड दिसलं, त्यांनी ते मधोमध फाडून हातभर तुकडा काढून घेतला.

आज सकाळी महानंदाला ते कळलं. उरलेलं लुगडं दोन्ही हातांत धरून ती अंगणात उभी राहिली होती, आणि मास्तरांनी तिला सुती कापड पाणी का शोषतं ते समजावून सांगितलं होतं.

"मी काय मुद्दाम केलं?" मास्तर म्हणाले. "जुनं होतं. कुणी नेसत नव्हतं."

अप्पा काठावरच्या सुरकुत्या काढत होते.

"दिवाळीच्या पाडव्याला चांगलं नवं लुगडं घेईन की तिला. तोवर राग वाळून आपोआप गळून पडेल."

अप्पा फडक्याच्या दोन्ही कडा जुळवत होते.

"पडेल ना, अप्पा?"

अप्पा उठले. लाल काठाची घडी घालून त्यांनी ती मास्तरांच्या हातात दिली आणि गुडघ्यावर हात ठेवत मठात गेले. भिंतीवर एक खुंटी होती. खुंटीवर एक विरलेलं भगवं उपरणं होतं. ते अप्पांच्या गुरूंचं. गुरू जाऊन अर्धं आयुष्य लोटलं तरी खुंटी रिकामी झाली नव्हती. येणारा जाणारा आधी त्या उपरण्याला डोळे लावी, मग अप्पांच्या पाया पडे. मास्तरही दर शनिवारी लावत. आज खांद्यावर सायकल होती म्हणून राहिलं होतं.

अप्पांनी ते उपरणं खाली काढलं.

बाहेर येऊन बादलीत बुचकळलं. पिळलं. चिंचेखाली उकिडवे बसले आणि मडगार्डावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं.

भगव्यातून काळं पाणी गळायला लागलं.

"अप्पा…" मास्तर पारावरून उठले. "अहो, ते… ते गुरुमहाराजांचं उपरणं आहे."

"मऊ आहे," अप्पा म्हणाले. "पाणी चांगलं पितं."

"पण त्याला आम्ही डोळे लावतो!"

"जुनं होतं, मास्तर. कुणी पांघरत नव्हतं."

…

अप्पांनी उपरणं पुन्हा बुचकळलं आणि चेनकडे हात नेला. तो हात मास्तरांनी धरला. दोन्ही हातांनी धरला.

मास्तरांना लाज वाटली. वर्गात मुलांची उतरलेली तोंडं त्यांना कधी दिसत नसत, पण महानंदाचे लुगडं धरलेले ते दोन हात आता दिसले, आणि आपण त्या हातांपुढं उभं राहून काय बडबडत होतो तेही ऐकू आलं. त्यांचे डोळे भरून आले. विज्ञानाचा माणूस, त्यानं ते घाम पुसल्यासारखे पुसले.

त्यांनी उपरणं अप्पांच्या हातातून सोडवून घेतलं. हौदापाशी बसून, पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा खळबळून काढलं आणि पाराच्या कठड्यावर नीट पसरून घातलं. एक डाग गेला नाही. मास्तरांनी तो बराच चोळला, अप्पांनी राहू द्या म्हणून हात हलवला.

मग मास्तरांनी चिंचेखालची एक काटकी उचलली. अडाण्यांची काटकी. मडगार्डातला चिखल टोकरून टोकरून काढला. पुसायला काही नव्हतं. म्हणजे लाल काठाची घडी होती, पण तिला आता हात लावायची छाती नव्हती. त्यांनी अंगातला इस्त्रीचा पांढरा सदरा काढला.

"मास्तर, तो नवा दिसतोय," अप्पा म्हणाले. "नवं कापड पाणी पीत नाही."

मास्तरांनी तोच ओला केला. रिम पुसली, स्पोक पुसले, सीट पुसली. ना राख, ना लिंबू, ना नारळाची शेंडी. अप्पांच्या चहाला उकळी फुटायच्या आत काम झालं. चाक उचलून फिरवलं तर गरगर फिरलं.

सायकल लख्ख झाली होती. मास्तर बनियनवर होते आणि कोपरापर्यंत काळे होते. सदऱ्याचा बोळा त्यांनी कॅरिअरला लावला आणि लाल काठाची घडी बनियनच्या आत ठेवली.

अप्पांच्या पाया पडले. सायकल डांबरीवर काढली. पेडलवर पाय ठेवला…

आणि थांबले. शिकलेला माणूस, विचार आडवा आलाच.

"अप्पा, ती आज ऐकायच्या मनःस्थितीत नसेल. मी असा बनियनवर. शब्दही नीट जुळवलेले नाहीत. त्यापेक्षा आज तिला जाऊ दिलं, आणि मागाहून तिच्या माहेरी जाऊन, चार माणसांत, रीतसर…"

अप्पा कठड्यावरचं उपरणं उलटं करत होते.

"सायकल पुसून झाली?"

"झाली की. लख्ख."

"मग जा, मास्तर. चिखल अजून ओला आहे."