कुरडया आणि गच्चीचं कुलूप

“गच्चीला कुलूप का होतं?” एका नगरातला एक धाकटा भाऊ हे दारोदार विचारत फिरला.

त्या नगरात एक सहा मजली घर होतं. घर सगळ्यांचं, कारभार पंचांचा. नगराचा कायदा होता, की आग लागली तर माणसांना वर पळता यावं म्हणून गच्चीचं दार कायम उघडं ठेवायचं. ते बघायचं काम पंचांचं.

पण उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया वाळत. पोरं त्या ओल्याच पळवत. म्हणून मोठ्या पंचाने कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

दोघे भाऊ त्याच घरात राहत. आईबाप नव्हते. थोरला सभेत म्हणाला, “काका, कुलूप काढा. कायदा आहे.”

“तुमच्याकडे कुरडया होत नाहीत, म्हणून कायदा आठवतो!” एक बाई म्हणाली. सगळे हसले.

“एवढा उन्हाळा जाऊ दे रे,” मोठा पंच म्हणाला.

एका दुपारी तळमजल्यावर आग लागली. जिना धुराने भरला. मोठा पंच लग्नाला गेला होता, किल्लीसकट. धाकटा कामावर होता. थोरल्याने शेजारच्या लहानगीला ओल्या चादरीत गुंडाळलं आणि तो वर धावला. दाराला कुलूप. तसाच धुरातून खाली आला. पोर जगली. तो संध्याकाळी गेला.

शोकसभेत सगळे त्याला शूर म्हणाले. धाकट्याने पुन्हा तेच विचारलं.

“नशीब, बाळा,” मोठा पंच म्हणाला, आणि चहाचा कप पुढे सरकवला.

नगराने त्या पंचांना काढलं. नवे पंच आले. पुढचा उन्हाळा आला, कुरडया आल्या, कुलूपही आलं.

“दुपारपुरतंच आहे,” नव्या पंच काकू म्हणाल्या.

“आग दुपारीच लागली होती, काकू,” धाकटा म्हणाला.

धाकट्याने पहार आणली. कुलूप तोडलं, मग दारच बिजागरीतून उपटलं आणि पाठीवर घेऊन खाली अंगणात टाकलं.

“अरे मेल्या! आता कुरडया कोण राखणार?” काकू ओरडल्या.

तो परत वर गेला आणि रिकाम्या चौकटीत काठी घेऊन उन्हात बसला. कावळे हाकलले. पोरं आली, त्यांच्या हातावर एकेक ओली कुरडई ठेवली. ऊन उतरल्यावर वाळलेल्या कुरडया सुपांत भरून ज्याच्या त्याच्या दारात ठेवल्या, आणि ते घर सोडून गेला.

तात्पर्य: ज्याच्या हाती सगळ्यांनी घर सोपवलं, त्याने कायदा पाळून आधी माणसं राखावीत, कुरडया कोणीही राखील.