बर्फाच्या पेटीचा राखणदार

मुलांनो, एका डोंगराळ जंगलात माणसांनी सोडून दिलेली एक चौकी होती आणि तिच्यात एक अस्वल लहानसहान प्राण्यांबरोबर राहत असे. चौकीचे छप्पर पत्र्याचे. दिवसभर सगळे ओढ्याकाठी सावलीला जात, पण अंधार पडला की बाहेर बिबट्या फिरे, म्हणून त्या तापलेल्या खोलीत परतावेच लागे. सुदैवाने छपरावर सौरपॅनल होते आणि आत बर्फाची पेटी. दिवसा उन्हावर पेटीत बर्फ जमायचा. सूर्य मावळला की कासव झाकण उघडायचे आणि त्या गारव्यावर सगळ्यांची रात्र निघायची. दिवसा मात्र झाकण उघडायचे नाही, असे ठरलेले होते.

राखणीला अस्वल बसे. बिचाऱ्याच्या अंगावरची घोंगडी वैशाखातही उतरत नाही! एका दुपारी त्याने झाकण जरासे उघडून नाक आत घातले. "एवढ्याने काय होणार आहे?" ते स्वतःशीच म्हणाले. मग पुन्हा नाक, मग पंजे, आणि शेवटी स्वारी बर्फावर डोके ठेवून चक्क घोरू लागली.

उन्हे उतरल्यावर ते दचकून जागे झाले आणि घाईघाईने झाकण लावून मोकळे झाले. संध्याकाळी कासवाने झाकण उघडले, तर आत नुसते पाणी. खारीचे पिल्लू उन्हाने आधीच मलूल झाले होते. आता ते धापा टाकत होते आणि डोळेही उघडत नव्हते.

"पॅनलवर धूळ बसली असेल," कासव म्हणाले.

खार अस्वलाकडे वळली. "दादा, तुम्ही दिवसभर या उकाड्यात राखण केलीत. दाराशी जरा वारा आहे, तिथे तुम्ही बसा. आम्ही आत सरकतो."

अस्वलाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पिल्लाचा गारवा आपण झोपेत संपवला, आणि आता त्याची जागाही घ्यायची? "धूळ नव्हती," ते खाली मान घालून म्हणाले. "झाकण मी उघडले होते."

कोणी रागावले नाही, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली. ते उठले, ओढ्यात भिजून आले आणि ओल्या केसांत पिल्लाला घेऊन दाराशी बसले. केस सुकले की बिबट्याची पर्वा न करता पुन्हा ओढ्यावर जाई. पहाटे पिल्लाने डोळे उघडले.

सकाळी खारच म्हणाली, "दादा, आजही राखण तुम्हीच करा."

अस्वलाला तिच्याकडे बघवेना. त्या दुपारी ते उंबऱ्याबाहेर, पेटीकडे पाठ करून, भर उन्हात बसले.

तात्पर्य : सर्वांच्या साठ्यातून आपण थोडेसेच घेतले असे वाटते, पण कमी पडते ते सर्वांत दुबळ्याला.