बारा हत्तींची फळी

"...म्हणजे अजून तुम्ही हो म्हणत नाही? त्या मशीनमध्ये कमी काय आहे, मेस्त्रीकाका?"

बुधाजी मेस्त्री बशीत चहा ओतत होते.

"मशीनीत काय्येक कमी नाय."

"मग माझ्यात?"

मेस्त्रींनी बशीवर फुंकर घातली.

विचारणारी वृंदा सामंत याच गावची. शाळा सुटली की दप्तर घरी टाकून ती मेस्त्रींच्या या सुतारकामाच्या शेडमध्ये यायची. पुढे शिकायला जर्मनीला गेली, लाकडी खेळण्यांचंच शिकली आणि आठ वर्षांनी परत आली, ती कायमची. गावातल्या बायकांनी, गावातल्या लाकडातून, गावातल्या बालवाडीसाठी खेळणी करायची. प्लास्टिकचं एकही नाही. हे सांगताना तिचे डोळे अजून भरून येत.

तिने मशीन आणली. स्क्रोल सॉ. दोऱ्याएवढ्या पात्याची, जागच्या जागी वरखाली नाचणारी करवत. सहा बायका तयार झाल्या.

पण त्यांतल्या शेवंती गावडेने सगळ्यांसमोर आपले दोन्ही हात वर केले होते. काजू फोडून फोडून काळी पडलेली बोटं.

"ह्या धा बोटांवर माझां घर चलता, बाय. मेस्त्री हो म्हणांदेत. मगे बघूया."

उद्या सकाळी त्या सहाजणी येणार होत्या. मेस्त्री नाही म्हणाले, तर दारातूनच परत जाणार होत्या.

"तुका येता मा सगळां?" मेस्त्रींनी विचारलं.

"येतं."

"मगे लाव पातां."

वृंदा उठली. ओढणी काढून खुंटीला अडकवली, केस बांधले, डोळ्यांवर चष्मा चढवला. भिंतीतली विजेची पिन काढून मेस्त्रींना दिसेल अशी टेबलावर ठेवली.

"बटन बंद आसा मा? पिन कित्याक काढलंस?"

"बटणाला कोपर लागू शकतं. भिंतीला नाही."

मेस्त्री हसले नाहीत, पण चहा प्यायचे थांबले.

तिने पातं बसवलं. त्यावरून हलकेच नख फिरवलं... दाते खाली बघत होते. उलटे बसले तर पातं लाकूड टेबलावर दाबायच्या ऐवजी वर उचलतं. मग ताण दिला, आणि तंबोऱ्याची तार छेडावी तसं बोटाने पातं छेडलं.

टिंग.

"सूर बरोबर आहे?"

"भजनाक चलतलो."

तिने हाताने चाक एक पूर्ण फेरा फिरवलं. पातं वर गेलं, खाली आलं, कुठे घासलं नाही. शिवणयंत्राला असतो तसा या मशीनलाही लाकूड दाबून धरणारा एक पाय असतो. तो तिने फळीला टेकेल इतका खाली घेतला.

कोपऱ्यात मेस्त्रींची जुनी, पायाने चालवायची पायटाची मशीन गोणपाटाखाली झाकलेली होती. वृंदाचं लक्ष तिकडे गेलं. त्या मशीनचा खडखडाट शाळेच्या कुंपणापर्यंत ऐकू यायचा. पायटावर तिचे पाय पुरत नसत, म्हणून मेस्त्री पायट मारत आणि ती फळी फिरवी. शिवणीच्या झाडाच्या लाकडाचा भुसा केसांत घेऊन घरी गेली, की आई अंगणातच थांबवायची...

"सपानां नंतर बघ," मेस्त्री म्हणाले. "आता काप."

वृंदाने फळी पुढे ओढली. फळीवर बारा हत्ती आखलेले होते. एकाच्या पोटाखाली दुसऱ्याची पाठ, एकाच्या सोंडेच्या बाकात दुसऱ्याचं शेपूट. मध्ये फक्त पात्यापुरती जागा. ही आखणी करायला तिला तीन दिवस लागले होते.

"बघा," ती म्हणाली, "बारा हत्ती, आणि उरणार काय? मूठभर भुसा. झाड एकदाच तुटतं, काका. त्याचा एक तुकडासुद्धा वाया जाता कामा नये."

"खरां आसा."

तिने पिन लावली, मशीन चालू केली. घाई केली नाही. लाकूड ढकललं नाही, पात्याकडे नुसतं नेत राहिली. पहिला हत्ती पाठीवरून, शेपटीवरून, चार पायांवरून सोंडेपर्यंत आला आणि अलगद सुटला. तळहातावर मावेल एवढा.

मेस्त्रींनी तो हातात घेतला. कडेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"हात बरो आसा तुझो."

वृंदाचा चेहरा फुलला. "मग?"

"सोंडेच्या नि पायाच्या मधलां भोक?"

"ते आता कापते."

तिने पिन काढली. त्या जागी आधीच पाडलेल्या छिद्रातून पातं ओवलं, पुन्हा ताण दिला, पुन्हा छेडलं. काहीही विसरली नाही. पिन लावली, बटण दाबलं.

हत्ती थडथडला.

तिने तो दोन्ही बाजूंनी चिमटीत घट्ट धरला. वळणावर पातं अडलं, हत्ती उसळला. तिने आणखी जोरात दाबला. तिचा अंगठा पात्यापासून तांदळाच्या दाण्याएवढा दूर होता.

मशीन थांबली.

मेस्त्रींच्या हातात पिन होती.

 बाहेर माडावर कावळा ओरडत होता.

"हात खंय ठेवलंस?"

"सोंडेवर."

"मगे सोंड कापतलंस तेव्हा?"

"...पायावर."

"आणि शेवटच्या हत्तीक? तेच्या बाजूक फळीच नाय रवाची."

वृंदाने चष्मा काढला. "मी काळजी घेते, काका. मी त्यांनाही शिकवीन काळजी घ्यायला."

"तू घेशीत. शेवंती दिवसभर काजू फोडून येतली. तिचो डोळो लागलो तर काळजी कोण घेयत?"



मेस्त्रींनी रॅकवरून दुसरी फळी काढली. हातभर लांब, वीतभरापेक्षा रुंद. बरोबर मधोमध तिने कापलेला हत्ती ठेवून पेन्सिलीने त्याची कड आखली. एकच. मग सोंडेजवळ छिद्र पाडलं, पातं ओवलं आणि आधी आतलं भोक कापलं. मग बाहेरची कड. त्यांचे दोन्ही हात फळीच्या टोकांना होते, हत्तीपासून लांब, गाडीचं चाक धरल्यासारखे सैल. फळी थडथडली नाही. त्यांनी एकदाही दाबलं नाही.

हत्ती सुटून टेबलावर पडला. मेस्त्रींच्या हातात उरली ती हत्तीच्या आकाराचं भगदाड पडलेली फळी.

वृंदा त्या फळीकडे बघत राहिली.

अशा फळ्या तिने पाहिल्या होत्या. याच शेडमध्ये. सात वर्षांची असताना तिला चिमणी हवी असायची, अंगठ्याएवढी, आणि मेस्त्री तिच्या हातात मोठीच्या मोठी फळी द्यायचे. तिला वाटायचं, काकांना लहान तुकडा सापडत नाही. कितीदा तिने भुशातून लहान तुकडे शोधून त्यांच्यापुढे ठेवले होते, आणि कितीदा त्यांनी ते पायाने बाजूला सारले होते...

आठ वर्षं परदेशात तिला ती चिमणी आठवत होती. फळी एकदाही आठवली नाही.

"तुम्ही तेव्हा सांगितलं का नाही?"

"तुझी बोटां मोज."

तिने नकळत हाताकडे पाहिलं.

 मग वृंदाने आपली बारा हत्तींची फळी उचलली. एक सुटला होता, अकरा उरले होते. तिने खोडरबर घेतलं आणि दुसरा हत्ती पुसायला लागली. तीन दिवसांचं काम होतं. लाकडावर पेन्सिलीचा राखाडी डाग पसरत गेला.

तिसरा पुसला. चौथा पुसला.

"पण काका," ती म्हणाली, "एवढं लाकूड... झाडाला काय सांगू?"

"झाडान तुका हत्ती देतंय म्हणून सांगलेल्यान?"

ती थांबली. मग पाचवा पुसला.

उरलेली फळी कोरी झाली तेव्हा ऊन दारातून आत आलं होतं. वृंदाने फळी मेस्त्रींच्या पुढे आडवी ठेवली. पेन्सिल हातात घेतली, पण कुठे टेकवावी ते तिला कळेना.

"हत्तीच्या बाजूने किती सोडू? दोन बोटं? चार?"

 मेस्त्री गार झालेला चहा प्यायले.

"उद्या त्यांना बोलावू ना, काका? की नको?"

मेस्त्रींनी तिच्या हातातली पेन्सिल घेतली. आपला डावा पंजा, बोटं फाकवून, फळीच्या एका टोकाला पालथा ठेवला आणि त्याच्या कडेकडेने पेन्सिल फिरवली. पंजा उचलला. लाकडावर हात उमटला होता.

पेन्सिल त्यांनी तिच्याकडे परत दिली.

"बोलव. पयले त्येंचे हात आखून घे. उरल्या जाग्यात हत्ती."